विश्लेषण : जुनी स्पोर्ट्स कार घरीच उभी करताय? पाना हातात घेण्याआधी आरसी बुक उघडा!

नालासोपारा पूर्वेला आचोळे, तुळिंज किंवा संतोष भुवनकडच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या आवारात डोकावले, तर ताडपत्रीखाली झाकलेली एखादी तरी गाडी सापडते. टायर जमिनीला टेकलेले, काचेवर धुळीचा थर, बॉनेटवर मांजर. बहुतेक वेळा ती जुनी मारुती असते, कधी पद्मिनी, क्वचित कॉन्टेसा. फारच नशीबवान माणूस असेल तर हेराल्ड किंवा सॅन स्टॉर्म. मोबाइलवर परदेशातल्या गॅरेजचे व्हिडीओ बघता बघता ‘आपणही ही गाडी पुन्हा उभी करू’ असे अनेकांना वाटू लागते. इंजिन खोलणे, पत्रा तासणे, रंग मारणे यात मेहनत असली तरी ते शिकता येते. खरी अडचण वेगळीच आहे. दोन वर्षे राबून तयार केलेली गाडी कायद्याने रस्त्यावर आणता येईल का? उत्तर गाडी किती जुनी आहे यावर ठरते आणि तिथेच बहुतेक भारतीय ‘क्लासिक’ गाड्या अडकतात.

चर्चा आताच का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा केली. त्यानुसार २० वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये झाले. दुचाकीला ते २,००० रुपये आहे, तर आयात केलेल्या मोटारीला तब्बल ८०,००० रुपये. हेच शुल्क एप्रिल २०२२ आधी मोटारीसाठी अवघे ६०० रुपये होते. जुनी गाडी लोकांनी भंगारात काढावी, यासाठीचा हा दट्ट्या आहे आणि सरकारने ते लपवलेलेही नाही.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करावे लागते. उशीर झाला तर मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा. ताडपत्रीखालच्या गाडीसाठी हा मुद्दा मूळ शुल्कापेक्षा मोठा ठरतो. कागद चार वर्षे पडून राहिले तर ४८ महिन्यांचे २४,००० रुपये होतात, म्हणजे नूतनीकरणाच्या जवळपास अडीच पट रक्कम नुसत्या विलंबाची.

आपल्याकडे ‘क्लासिक स्पोर्ट्स कार’ म्हणजे नेमकी कोणती?

परदेशात या शब्दाने एमजी, जग्वार, पोर्श डोळ्यांसमोर येतात. भारतात त्या गाड्या आयातबंदी कडक होण्याआधी आल्या त्याच. त्यातल्या बहुतेक आज मोठ्या संग्राहकांकडे आहेत. सामान्य माणसाच्या आवाक्यातली यादी छोटी आहे.

त्यात पहिली स्टँडर्ड हेराल्ड. मूळची ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड, मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली. इटलीच्या मिकेलोत्तीने आखलेली ही देखणी दोन दरवाज्यांची गाडी. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा हेराल्ड आणि फियाट याच तर घोडे होत्या. घरी काम करणाऱ्यासाठी हेराल्ड तशी मायाळू. तिला स्वतंत्र चेसिस आहे आणि पुढचा अख्खा भाग एकाच झाकणासारखा पुढे उघडतो. इंजिनाशेजारी चाकावर बसून काम करता येते.

फियाट ११०० डिलाइट, म्हणजेच नंतरची प्रीमिअर पद्मिनी, ही काही स्पोर्ट्स कार नव्हे. पण वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात १९६४ पासून तयार झालेल्या या गाडीने मुंबईचा मेकॅनिक घडवला. तिचे १,०८९ सीसीचे इंजिन मुंबई परिसरातल्या जुन्या मिस्त्रींना डोळे मिटून खोलता येते. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून कायमची गेली. शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची. खासगी पद्मिनीला मात्र ही मर्यादा लागू नाही. टॅक्सी बंद झाल्याच्या बातम्यांनंतर खासगी मालकांतही जो गोंधळ उडाला, तो या फरकामुळे.

मग हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा (१९८४) आणि प्रीमिअर ११८ एनई (१९८५). आणि खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणावी अशी एकच, सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली, दोन आसनी, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची. आखणी फ्रान्समधल्या ल मान्स ग्रुपची, इंजिन रेनॉचे १,१४९ सीसी, ताकद ६० अश्वशक्ती. आकडा ऐकून हसू येईल, पण गाडी हलकी होती. फारच थोड्या बनल्या आणि म्हणूनच आज त्यांच्यामागे लोक वेडे आहेत.

‘व्हिंटेज’ कोणाला म्हणायचे?

लग्नाच्या वरातीत फिरणारी कुठलीही जुनी गाडी आपल्याकडे व्हिंटेज होते. कायद्याला मात्र ते मान्य नाही. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार असा मोठा बदल झालेला नसावा, ही अटही सोबत आहे.

अर्ज नमुना क्रमांक २० वर करायचा, सोबत विमा, जुनी आरसी आणि गाडी आयात केलेली असेल तर ‘बिल ऑफ एन्ट्री’. नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पुढच्या वेळी ५,००० रुपये. गाडीला आधीपासून क्रमांक असेल तर तो ठेवता येतो. नसेल तर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ असलेली खास मालिका मिळते.

यात एक गोम आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा व्यवसायाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल आणि या ठिकाणी ये-जा, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. म्हणजे वरातीचे भाडे घेणाऱ्याने ही नोंदणी करून घेतली, तर तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेईल.

हेराल्ड आज या चौकटीत सहज बसते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या फियाटही बसतात. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ मध्ये मिळाले, त्यामुळे त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी ही रेषा नुकतीच ओलांडली आहे.

मग मधल्या गाड्यांचे काय?

हाच या विषयाचा गाभा आहे. गाडी २० वर्षांची झाली की सरकारच्या लेखी ती भंगाराकडे निघालेली असते. ५० वर्षांची झाली की वारसा ठरते. मधली तीस वर्षे तिला कोणी वाली नाही. कॉन्टेसाला व्हिंटेज व्हायला २०३४ उजाडेल, ११८ एनईला २०३५. १९९८ साली नोंदलेल्या सॅन स्टॉर्मला २०४८ पर्यंत थांबावे लागेल.

शुल्कातली तफावत हिशेब केल्यावर नीट दिसते. व्हिंटेज गाडीची फेरनोंदणी दहा वर्षांना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ५००. सॅन स्टॉर्मचे नूतनीकरण पाच वर्षांना १०,०००, म्हणजे वर्षाला २,०००. चौपट. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. आता सॅन स्टॉर्म रोज चालवता येते आणि व्हिंटेज गाडी नाही, हे खरे. पण सॅन स्टॉर्मचा मालक तरी ती रोज कुठे चालवतो? सुटे भाग मिळत नाहीत म्हणून तोही रविवारीच बाहेर काढतो.

विम्यातही तेच. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ३,४१६ रुपये आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला त्यात निम्मी सवलत मिळते, म्हणजे १,७०८ रुपये. जुन्या फियाटला सवलत आहे, सॅन स्टॉर्मला नाही.

जगात ही रेषा इतकी लांब नाही. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ ३० वर्षांची, मूळ स्वरूपात जपलेली आणि रोजच्या प्रवासाला न वापरली जाणारी गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनीत ३० वर्षांनंतर ‘एच’ अक्षराची पाटी मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर रस्ताकर आणि वार्षिक तपासणीतून सूट आहे. भारतात रस्त्यावर धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्यांचा प्रश्न गंभीर आहे, हे मान्य. पण वर्षाला पाचशे किलोमीटर धावणारी कॉन्टेसा आणि रोज रस्त्यावर धावणारी पंचवीस वर्षांची खासगी मोटार यांच्यात फरक करणारे कलमच नियमांत नसावे, हे पटण्यासारखे नाही. किलोमीटरची मर्यादा घालून ३० वर्षांनंतर वेगळी नोंदणी देणे अवघड नव्हते.

दिल्लीसारखी बंदी इथे आहे का?

नाही. १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते आहेत. ते राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि पुढे २०१८ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आले. व्हॉट्सअॅपवर फिरणारे ‘१५ वर्षांची गाडी बंद’ हे संदेश महाराष्ट्राला लागू नाहीत. इथे गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली आणि शुल्क भरले की नूतनीकरण होते.

मात्र निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. मुंबईतल्या प्रदूषणावर उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सात सदस्यांची समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी व विजेवरच्या गाड्यांना मुभा देता येईल का, हे तिने तपासायचे होते. वसई तालुका या महानगर प्रदेशात येतो. म्हणजे नालासोपाऱ्यात आज गाडी खोलणाऱ्याने या विषयावर लक्ष ठेवलेले बरे.

किती बदल चालतो?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवत असतील. भंगारातून जुळवलेली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी त्यांची छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि ती दिलीही. पण त्याच वेळी त्यांनी सांगितले होते की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. कौतुक एका बाजूला, नोंदणी दुसऱ्या.

जुनी गाडी दुरुस्त करणे आणि वेगळी गाडी बनवणे यांत कायदा असा फरक करतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल, असा बदल करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

व्यवहारात याचा अर्थ काय? गंजलेला तळ कापून तसाच नवा पत्रा बसवणे ही दुरुस्ती. पद्मिनीचे छत कापून तिची उघडी स्पोर्ट्स कार बनवणे हा गुन्हा. इंजिन रिबोअर करणे चालते. त्याजागी दुसऱ्याच गाडीचे ताकदवान इंजिन बसवणे परवानगीशिवाय चालत नाही. तेच मॉडेल, तेच इंजिन, पण क्रमांक वेगळा असेल तरी आधी परवानगी आणि मग आरसीवर नोंद लागते. रंग बदलणे हा रचनेतला बदल मानला जात नाही, पण आरसीवर ‘पांढरा’ आणि गाडी लाल, असे असेल तर तपासणीच्या दिवशी परत पाठवले जाल. रंग ठरवण्याआधीच ती नोंद करून घ्यावी. पेट्रोल इंजिन काढून विजेची मोटर बसवायची असेल तर पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या चाचणी संस्थेने मंजूर केलेला संचच लागतो. तोही त्या मॉडेलसाठी मंजूर असावा लागतो.

व्हिंटेजच्या बाबतीत हा मुद्दा आणखी टोकदार होतो. बॉडी शेलमध्ये फेरफार नको, असे नियम म्हणतो. पण अर्धा तळ गंजून गेलेली पन्नास वर्षांची गाडी पत्रा न बदलता उभी कशी राहणार? तसाच्या तसा पत्रा बसवणे हा फेरफार की जपणूक, याची रेषा नियमांत आखलेली नाही. ब्रिटनने ऑगस्ट २०२५ मध्ये हे सोडवले. मूळ स्वरूप न बदलता केलेली तशीच्या तशी दुरुस्ती असेल तर कळवण्याचीही गरज नाही. आपल्याकडे तोवर एकच उपाय आहे, प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो. आधीचा सडलेला भाग, कापलेली जागा, बसवलेला पत्रा. अधिकाऱ्यासमोर शब्दापेक्षा फोटो जास्त बोलतो.

पहिले काम कोणते?

कागदांचे. गाडी विकत घेण्याआधी एम-परिवहन अॅपवर क्रमांक टाकून बघावा. खूप जुन्या गाड्यांची नोंद तिथे दिसत नाही, कारण कार्यालयातले जाड रजिस्टर संगणकावर चढलेलेच नसते. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयात जाऊन ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. वसईला स्वतंत्र एमएच-४८ मालिका मिळण्याआधी हा भाग ठाण्याच्या एमएच-०४ खाली होता. त्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांचा माग अनेकदा ठाण्यात किंवा मुंबईत सापडतो.

आरसी रद्द झाली असेल, गाडी भंगारात काढल्याची नोंद असेल किंवा चेसिस क्रमांक जुळत नसेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळो, ती गाडी नव्हे, सुट्या भागांचा ढीग आहे. चेसिस क्रमांक ज्या पत्र्यावर ठोकलेला असतो, तो गंजला तरी त्याला ग्राइंडर लावू नये. क्रमांक पुसला गेला की चोरीच्या गाडीसारखी चौकशी मागे लागते. २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बंधनकारक आहे. मोटारीसाठी जीएसटीसह ८७९ रुपये.

घरी काय होते, काय होत नाही?

व्हिडीओ बघून लोक इंजिनापासून सुरुवात करतात. गाडी मात्र इंजिनामुळे मरत नाही, पत्र्यामुळे मरते. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, तिचे अंग हाच तिचा सांगाडा. दरवाज्याखालची पेटी, जॅक लावायची जागा, मागच्या चाकावरची कमान आणि पायाखालचा तळ हे भाग सडले, की गाडी मधोमध वाकते आणि दरवाजे नीट लागेनासे होतात. तपासायची सोपी रीत म्हणजे मॅटिंग उचलून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघणे. आवाज ‘टण’ आला तर लोखंड आहे, ‘खस’ आला तर नुसती लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली आहे. लोहचुंबकाला कापड गुंडाळून फिरवले तरी लांबीचा थर कळतो.

सॅन स्टॉर्मचे अंग फायबरचे, ते गंजत नाही. म्हणून खरेदीदार बिनधास्त होतो. आतला पोलादी सांगाडा मात्र गंजतो आणि तो बाहेरून दिसत नाही. फायबरच्या भेगा भरणे त्या मानाने सोपे. ज्या कारागिराने होड्यांना फायबर चढवले आहे, त्याला रेझिन आणि मॅट शिकवावी लागत नाही. किनारपट्टीवर अशी माणसे भेटतात. अवघड आहे ते तिचे रेनॉ इंजिन. भारतातल्या खपाच्या गाड्यांत ते आलेच नाही, त्यामुळे शेजारच्या दुकानात गॅस्केट मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघतो. पद्मिनीचे तसे नाही. ऑपेरा हाउसची स्पेअर पार्टची दुकाने, कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोरबाजार या तीन ठिकाणी पायपीट केली की बरेच काही हाती लागते. जड भाग लोकलच्या लगेज डब्यातून आणावा लागतो, हा भाग वेगळा. गिअरबॉक्स खांद्यावर घेऊन दादरला गाडी बदलणे हा एक स्वतंत्र व्यायामप्रकार आहे.

घरच्या घरी होण्यासारखी कामे बरीच आहेत. वायरिंग सोडवून नवी करणे, ब्रेकचे सिलिंडर आणि रबर बदलणे, कार्ब्युरेटर साफ करणे, सीट उसवून शिवायला देणे, प्रत्येक नटबोल्ट पिशवीत भरून चिठ्ठी लावणे. हे चिठ्ठीचे काम कंटाळवाणे वाटते, पण सहा महिन्यांनी शंभर बोल्ट समोर पडले की त्याची किंमत कळते. ब्लॉकचे बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, क्रोम प्लेटिंग, पावडर कोटिंग मात्र बाहेरच. वसई पूर्वेचे वालीव, गोखिवरे, सातिवलीचे गाळे इथे उपयोगी पडतात. तिथे लेथ आहे, प्लेटिंग आहे, साचे बनवणारे आहेत. बाजारात न मिळणारी पितळी बुश किंवा दरवाज्याची कडी नमुना नेऊन दिली तर वळवून मिळते. मोठ्या शहरातल्या हौशी माणसाला जे परदेशातून मागवावे लागते, ते नालासोपाऱ्याच्या माणसाला रिक्षाच्या अंतरावर करून मिळते. या भागाची ही खरी जमेची बाजू आहे.

पावसाळ्याचे काय करायचे?

वेळापत्रक पावसाभोवती आखावे लागते. या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवा खारी. रंग खरवडून उघडा केलेला पत्रा जुलैत काही तासांतच तांबूस होतो. त्यावर प्रायमर मारला की काम झाले, असे अनेकांना वाटते. साधा प्रायमर स्पंजसारखा असतो, तो ओल धरतो आणि आतून गंज सुरू होतो. रंगाचा वरचा हात मारल्याशिवाय गाडी पावसाळ्यात ठेवू नये. पत्राकाम दिवाळीनंतर सुरू करून रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकणे आणि पावसाळ्यात इंजिन, वायरिंग, सीट अशी छपराखालची कामे घेणे शहाणपणाचे.

दुसरा धोका पाणी भरण्याचा. नालासोपारा पूर्वेला दर जुलैत तुळिंज, आचोळे परिसर पाण्याखाली जातो, हे कोणाला सांगायला नको. खोललेला गिअरबॉक्स किंवा इंजिन जमिनीवर ठेवले आणि रात्रीत गुडघाभर पाणी आले, तर वर्षाची मेहनत गेली. गाडी घोड्यांवर उचलून ठेवावी आणि खोललेले भाग पहिल्या मजल्यावर न्यावेत. घरच्यांची परवानगी ही यातली सर्वांत कठीण मंजुरी.

पंपावरचे पेट्रोल जुन्या गाडीला चालते का?

चालते, पण तयारी करून. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचते आणि टाकी आतून गंजते. जुन्या काळचे रबरी पाइप, डायफ्रॅम आणि कॉर्कची गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकले तर आग लागते, म्हणून हा मुद्दा मायलेजपुरता नाही. सगळे रबर इथेनॉल झेपणारे घ्यावे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ पडते. इंजिन गरम होते, धक्के देते. अशा वेळी मेकॅनिककडून जेट एक नंबर मोठा करून घ्यावा.

देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीच बंद झाले. शिसे हे जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटला वंगणासारखे उपयोगी पडायचे. काही जुन्या इंजिनांत सीट मऊ असते. हेड खोललेच आहे तर ती कठीण धातूची बसवून घेतलेली बरी.

सोसायटीत असे काम करता येते का?

पार्किंग गाडी उभी करायला असते, कारखान्याला नाही. सोसायटीने हरकत घेतली तर बाजू तिचीच भक्कम. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. ग्राइंडर ती पहिल्या सेकंदाला ओलांडतो. घरगुती मीटरवर वेल्डिंग मशीन लावले तर शेजाऱ्यांचे पंखे मंदावतात आणि मग भांडणाला कारण लागत नाही. म्हणून अनेक जण खोलणे-जोडणे घरी करतात आणि पत्रा व वेल्डिंगसाठी महिना-दोन महिने गाळ्यात जागा घेतात.

तीन गोष्टींत धाडस नको. पेट्रोलची टाकी, रिकामी असली तरी, घरी वेल्ड करू नये. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ उरलेली टाकी जास्त घातक असते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ हवेने उडवू नये, ओल्या कापडाने पुसावी. आणि हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि करोनाकाळातला मास्क ते अडवत नाही. रंग बूथमध्येच मारून घ्यावा.

गाडी वडिलांच्या नावावर असेल तर?

इथल्या ताडपत्रीखालच्या बऱ्याच गाड्यांची कथा हीच आहे. मालक गेले, गाडी राहिली, कागद तसेच. नियमानुसार वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना क्रमांक ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची असते. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही. दंड भरून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून नाव बदलता येते. पण क्रम महत्त्वाचा. आधी नाव, मग थकलेले नूतनीकरण. मृत व्यक्तीच्या नावावर विमा उतरवता येत नाही आणि विम्याशिवाय नूतनीकरणाचा अर्ज पुढे सरकत नाही. भाऊ-बहीण वेगवेगळ्या गावी असतील, तर संमतीपत्रावरच्या सह्या इंजिनाला हात लावण्याआधी घ्याव्यात. गंजलेल्या गाडीवर सही करायला कोणी नाही म्हणत नाही. रंग मारून चकाचक झालेल्या पद्मिनीत मात्र प्रत्येकालाच अचानक वडील दिसू लागतात.